छायाचित्रणाच्या व्यवसायात स्वतःचे यश कसे ठरवावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही वर्षे छायाचित्रणावर चरितार्थ चालवणाऱ्या, तसेच नोकरी सोडून या व्यवसायात येण्याच्या विचारात असलेल्या व्यक्ती जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कॅमेरा कोणता घ्यावा किंवा कामाचे दर कसे ठरवावेत हा या प्रश्नोत्तरांचा विषय नाही. आपले खरोखर बरे चालले आहे की नाही, हे ओळखायचे कशावरून, एवढीच गोष्ट येथे निरनिराळ्या बाजूंनी पाहिली आहे.

यशाची व्याख्या मुद्दाम करायची कशासाठी? चांगली छायाचित्रे काढत राहणे पुरेसे नाही का?

ते पुरेसे असते तर बरेच झाले असते. अडचण अशी आहे की या व्यवसायात मोजता येण्याजोग्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्या न मागता डोळ्यांसमोर येत राहतात. वर्षभरात मिळालेली कामे, बँकेत जमा झालेली रक्कम, फॉलोअर्सची संख्या, स्पर्धेतला क्रमांक, सहकाऱ्याने नुकत्याच घेतलेल्या लेन्सची किंमत, हे सगळे आकड्यांत सांगता येते. छायाचित्र ज्याच्यासाठी काढले त्याच्या उपयोगी पडले की नाही, ते काढताना आपल्याला पूर्वी न दिसलेले काही दिसले की नाही, दहा वर्षांनी ते पुन्हा पाहावेसे वाटेल की नाही, यांतले काहीही कुठल्याही पडद्यावर आकडा होऊन येत नाही. त्यामुळे स्वतः काही ठरवले नसेल, तर जे सहज मोजता येते तेच हळूहळू आपले माप होऊन बसते आणि ते आपण नेमके कधी स्वीकारले हेही आठवत नाही.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. आलेले काम घ्यावे की नाकारावे, साठवलेले पैसे चित्रीकरणाच्या लाइटवर खर्च करावेत की महिनाभराच्या प्रवासावर, शनिवार-रविवार कामाला द्यावेत की घराला, असे निर्णय छायाचित्रकाराला वर्षात अनेकदा घ्यावे लागतात. आपल्याला काय हवे आहे हे ठाऊक नसलेला माणूस हे निर्णय बहुधा भीतीपोटी किंवा दुसऱ्याचे पाहून घेतो.

अशी व्याख्या लिहायची म्हणजे नेमके काय लिहायचे?

“मला मोठा छायाचित्रकार व्हायचे आहे” ही इच्छा झाली. व्याख्या अशी हवी की वर्ष संपताना ती समोर ठेवली, तर तिला “हो” किंवा “नाही” असे उत्तर देता यावे आणि त्या उत्तराचा मोठा भाग आपल्या स्वतःच्या वागण्यावर अवलंबून असावा. उदाहरणार्थ, “कामाच्या दिवसांपैकी निम्मे दिवस व्यक्तिचित्रे काढण्यात जावेत, त्या कामावर घरखर्च भागावा, आणि दर महिन्याला निदान एक छायाचित्र असे असावे की ते मी स्वतःसाठी प्रिंट करून घेईन” ही व्याख्या तपासता येते. “नामवंत मासिकाच्या मुखपृष्ठावर माझे छायाचित्र यावे” हे उद्दिष्ट म्हणून ठीक आहे. पण त्याची किल्ली संपादकाच्या हातात असते. म्हणून त्यावर सगळ्या कारकिर्दीचे मोजमाप टांगून ठेवू नये.

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचे उदाहरण येथे मला फार बोलके वाटते. १८६४च्या जानेवारीत त्यांनी ॲनी नावाच्या एका लहान मुलीचे छायाचित्र काढले आणि त्यावर ‘माझे पहिले यश’ अशा अर्थाची नोंद केली. तेव्हा त्यांना कॅमेरा मिळून जेमतेम महिना-दीड महिना झाला होता आणि छायाचित्र कुठे प्रदर्शित झाले नव्हते. त्या काळच्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर रसायन पसरणे, ती ओली असतानाच प्रकाशित करणे, लगेच धुणे आणि मग तिच्यावरून प्रिंट काढणे, यांतली प्रत्येक पायरी फसू शकते. सगळ्या पायऱ्या साधून मनातला चेहरा कागदावर आला, याला त्या यश म्हणाल्या. पुढे त्यांच्या छायाचित्रांतील मऊ, किंचित धूसर फोकसवर समीक्षकांनी पुष्कळ टीका केली, पण आपण काय शोधत आहोत हे त्यांना आधीच ठाऊक होते, म्हणून त्यांनी आपली शैली सोडली नाही.

व्याख्येला शेवटही असावा. अमेरिकन छायाचित्रकार डब्ल्यू. यूजीन स्मिथ यांना १९५५मध्ये पिट्सबर्ग शहराविषयी सुमारे तीन आठवड्यांचे काम मिळाले होते आणि त्यातून साधारण शंभर छायाचित्रे अपेक्षित होती. त्यांनी हजारो निगेटिव्ह तयार केली, काम वर्षानुवर्षे लांबत गेले आणि अखेरीस जे छापून आले ते त्यांना स्वतःला अपयशी वाटले. त्यातील छायाचित्रे आज थोर मानली जातात आणि ती तशी आहेतच. तरीही “हे पूर्ण झाले” असे म्हणण्याची जागाच शिल्लक ठेवली नाही, तर केवढ्या मोठ्या प्रतिभेलाही समाधान मिळू शकत नाही, हे त्या प्रकरणातून दिसते.

व्याख्या करताना बहुतेक जण कोणती चूक करतात?

ते सर्वोत्तम दिवसाची व्याख्या करतात आणि रोजच्या दिवसाला विसरतात. छायाचित्रण हा व्यवसाय बाहेरून पाहणाऱ्याला कॅमेरा डोळ्याला लावलेला माणूस दिसतो. प्रत्यक्षात त्या माणसाचा बराचसा वेळ ग्राहकांना उत्तरे लिहिण्यात, अंदाजपत्रके पाठवण्यात, थकलेल्या बिलांची आठवण करून देण्यात, दोन हजार फ्रेममधून दोनशे निवडण्यात, त्वचेचे रंग जुळवण्यात, हार्ड डिस्कची दुसरी प्रत करून ठेवण्यात आणि बॅटऱ्या चार्ज करण्यात जातो. यशाचे चित्र फक्त चित्रीकरणाच्या चार तासांभोवती रेखाटले असेल, तर आठवड्यातले उरलेले सगळे दिवस अपयशाचे वाटू लागतात.

म्हणून एक सामान्य दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत लिहून काढावा. आपल्याला कसा दिवस पुन्हा पुन्हा जगायला आवडेल? एडिटिंग करताना ज्याला शांत वाटते आणि अनोळखी माणसांत ज्याचा जीव गुदमरतो, त्याने रोज नव्या माणसांना भेटावे लागणाऱ्या शाखेत नाव कमावले, तरी ते नाव त्याला सुख देणार नाही. याउलट काहींना वर्दळ, घाई आणि अनपेक्षित प्रसंग यांतच उमेद येते आणि स्टुडिओतील एका बाटलीच्या चकाकीवर सहा तास काम करणे ही त्यांना शिक्षा वाटते. हा स्वभावातला फरक आहे. तो ओळखला, तर पुष्कळ वर्षे वाचतात.

पैशाला यशाचे माप मानणे चूक आहे का?

नाही. ज्याला या कामावर घर चालवायचे आहे, त्याने पैशाविषयी संकोच बाळगणे हे उलट धोक्याचे आहे. “कलेसाठी” म्हणून फुकट किंवा अर्ध्या मोबदल्यात कामे करत राहणारे कितीतरी हुशार छायाचित्रकार चार-पाच वर्षांत थकून व्यवसायच सोडतात.

मात्र पैसा मोजायचाच असेल, तर नीट मोजावा. एका दिवसाच्या चित्रीकरणासाठी मिळालेली रक्कम ही एका दिवसाची कमाई नसते. त्यामागे आधीची भेट, जागेची पाहणी, निवड, एडिटिंग, ग्राहकाने सुचवलेले बदल आणि प्रिंट किंवा अल्बमचे काम असे आणखी दोन-तीन दिवस सहज जातात. शटर, बॅटऱ्या आणि मेमरी कार्डे यांचे आयुष्य मर्यादित असते, संगणक काही वर्षांनी बदलावा लागतो, विमा आणि सॉफ्टवेअरचे पैसे भरावे लागतात. हे सर्व वजा करून उरलेली रक्कम खर्च झालेल्या एकूण तासांनी भागली, की जो आकडा येतो तोच खरा असतो. हा हिशेब पहिल्यांदा करताना बहुतेकांना धक्का बसतो. पण त्यातूनच कळते की कोणते मोठे दिसणारे काम प्रत्यक्षात तोट्याचे होते आणि कोणत्या लहान कामाने वर्ष सावरले.

त्यानंतर आणखी एक आकडा ठरवावा, तो म्हणजे “पुरे”चा. आपल्या कुटुंबाच्या गरजा, आजारपणासाठीची शिल्लक आणि साधनांची झीज यांसाठी वर्षाला किती लागते, हे लिहून ठेवले की त्यापुढच्या प्रत्येक कामाकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. तो आकडा गाठेपर्यंत काम निवडण्याची चैन फारशी परवडत नाही, हे खरे आहे. पण तो गाठल्यानंतरही जो प्रत्येक काम घेतो, त्याने निदान आपण ते का घेत आहोत हे स्वतःला विचारावे.

पोटासाठी एक प्रकारचे काम आणि मनासाठी दुसरे, अशी विभागणी करावी लागली तर ते अपयश नव्हे का?

छायाचित्रणाच्या इतिहासात अशी विभागणी हा अपवाद नसून जवळजवळ रिवाजच आहे. अमेरिकन निसर्गछायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे नाव घेतले की पर्वत आणि दऱ्या आठवतात, पण त्यांनी अनेक दशके व्यावसायिक कंपन्यांसाठी कामे करून उदरनिर्वाह चालवला. सॉल लायटर फॅशन मासिकांसाठी छायाचित्रे काढत आणि त्याच काळात न्यूयॉर्कमधील आपल्या घराच्या आसपासच्या रस्त्यांवर रंगीत छायाचित्रे काढत. त्या रंगीत छायाचित्रांची खऱ्या अर्थाने दखल घेतली गेली ती २००६मध्ये पुस्तक निघाल्यावर, जेव्हा त्यांचे वय ८२ होते. ऑगस्ट झांडर यांनी कोलोनमध्ये व्यक्तिचित्रांचा स्टुडिओ चालवत जर्मन समाजाच्या सर्व थरांतील माणसांचा प्रचंड चित्रसंग्रह उभा केला.

या विभागणीत लाज वाटण्यासारखे काही नाही, पण दोन धोके मात्र आहेत. पोटासाठीचे काम सगळी शक्ती खाऊन टाकते आणि मनासाठीचे काम “पुढच्या वर्षी” या खात्यात जात राहते, हा पहिला धोका. त्यावर उपाय एकच, की मनासाठीच्या कामाला दिनदर्शिकेत तारीख द्यावी आणि ग्राहकाची तारीख पाळतो तशी ती पाळावी. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. मनासाठीच्या कामाचा अभिमान बाळगता बाळगता पोटासाठीच्या कामाकडे तुच्छतेने पाहण्याची सवय लागते आणि त्याचा दर्जा घसरतो. ज्याने विश्वासाने पैसे दिले, त्याला आपले उरलेसुरले लक्ष देणे योग्य नाही. शिवाय हात एकच असतो. एका कामात ढिलाईची सवय लागली, की ती दुसऱ्या कामातही दिसू लागते.

समाजमाध्यमांवरील लाइक आणि फॉलोअर्स यांना किती महत्त्व द्यावे?

ग्राहक मिळवण्याचे साधन म्हणून जेवढे लागेल तेवढे. तेथे मिळणारा प्रतिसाद हा छायाचित्राला असतो त्याहून अधिक ते कोणत्या वेळी, कोणासमोर आणि केवढ्या आकारात आले याला असतो. हातातल्या पडद्यावर अंगठ्याच्या एका हालचालीत सरकून जाणाऱ्या प्रतिमेत ठळक रंग, मोठा चेहरा आणि सोपी रचना उठून दिसते. बारकाव्यांनी भरलेले, सावकाश उलगडणारे छायाचित्र तेथे हरते आणि भिंतीवर लावले की तेच जिंकते. इन्स्टाग्रामने २०२१मध्ये लाइकची संख्या लपवण्याची सोय वापरकर्त्यांना दिली. ज्यांना त्या आकड्याचा त्रास होतो, त्यांनी ती सोय वापरण्यास काहीच हरकत नाही.

एक कसोटी सुचवतो. गेल्या वर्षी सर्वाधिक प्रतिसाद मिळालेली दहा छायाचित्रे एका बाजूला ठेवावीत आणि स्वतःला सर्वांत आवडलेली दहा दुसऱ्या बाजूला. दोन्ही याद्यांत किती छायाचित्रे सामाईक आहेत ते पाहावे. सामाईक छायाचित्रे जवळजवळ नसतील, तर घाबरू नये. मात्र पुढच्या वर्षीही आपण दुसऱ्या यादीसारखी छायाचित्रे काढत आहोत ना, की पहिल्या यादीसारखी काढू लागलो आहोत, इकडे लक्ष ठेवावे.

पुरस्कार आणि स्पर्धा?

मिळाला तर आनंद मानावा, त्यातून मिळणाऱ्या ओळखी जपाव्यात आणि कामाला लागावे. परीक्षक मंडळ बदलले की निकाल बदलतो. भरमसाट प्रवेशशुल्क घेणाऱ्या आणि शेकडो “विजेते” जाहीर करणाऱ्या स्पर्धांपासून दूर राहावे. प्रवेश घेण्यापूर्वी छायाचित्रांच्या वापराचे हक्क आयोजक स्वतःकडे घेतात का, ही अट आवर्जून वाचावी.

कधीच मान्यता मिळाली नाही, तर एवढ्या वर्षांचे काम वाया गेले असे समजायचे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि सर्वांत खालच्या आवाजात विचारला जातो. त्यामुळे याला थोडे सविस्तर उत्तर दिले पाहिजे.

व्हिव्हियन मायर यांचे नाव अशा वेळी हमखास घेतले जाते. त्यांनी मुलांना सांभाळण्याची नोकरी करत, मुख्यतः शिकागोमध्ये, लाखाहून अधिक निगेटिव्ह भरतील एवढी छायाचित्रे काढली आणि ती जवळजवळ कोणालाच दाखवली नाहीत. भाडे थकल्याने त्यांच्या सामानाचा २००७मध्ये लिलाव झाला, तेव्हा ती छायाचित्रे दुसऱ्यांच्या हाती आली. २००९मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर त्या जगप्रसिद्ध झाल्या. ही गोष्ट “मरणोत्तर का होईना, न्याय मिळतो” असा दिलासा म्हणून सांगितली जाते, आणि मला ते पटत नाही. एक तर अशा प्रकारे सापडलेल्या एका संग्रहामागे न सापडलेले कितीतरी असणार. दुसरे म्हणजे ही कीर्ती त्यांनी मागितली नव्हती. त्यांच्या आयुष्यातून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. कोणी पाहत नसतानाही त्यांनी अनेक दशके कॅमेरा गळ्यात अडकवून रस्त्यावर जाणे थांबवले नाही आणि त्यांच्या चौकटी कमी काळजीने बांधल्या गेल्या नाहीत.

यूजेन आत्जे यांचे उदाहरण मला अधिक उपयोगाचे वाटते. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जुन्या पॅरिसमधील गल्ल्या, दुकानांच्या दर्शनी खिडक्या, जिने, दरवाजे आणि बागा यांची छायाचित्रे पद्धतशीरपणे काढली आणि ती चित्रकारांना, ग्रंथालयांना व संग्रहालयांना विकली. कलावंतांसाठी दस्तऐवज पुरवणारा, अशी त्यांच्या व्यवसायाची पाटी होती. १९२०मध्ये त्यांनी आपल्या सुमारे २,६०० निगेटिव्ह फ्रान्सच्या सरकारला विकल्या. १९२६मध्ये अतिवास्तववादी (स्वप्न आणि अबोध मन यांना महत्त्व देणाऱ्या) कलावंत मंडळींनी त्यांची काही छायाचित्रे आपल्या नियतकालिकात छापली, तेव्हा आपले नाव घालू नये, ही केवळ दस्तऐवज म्हणून काढलेली छायाचित्रे आहेत, असे त्यांनी सांगितल्याचे नमूद आहे. पुढच्याच वर्षी ते वारले. उरलेला संग्रह अमेरिकन छायाचित्रकार बेरेनिस ॲबट यांनी वाचवला आणि त्यामुळेच आज आत्जे आधुनिक छायाचित्रणाच्या आद्य पुरुषांत गणले जातात.

आत्जे यांना कीर्ती उशिरा मिळाली, परंतु त्यांची व्याख्या त्यांच्या हयातीतच पूर्ण झाली होती. नाहीसे होत चाललेले शहर नोंदवून ठेवायचे होते. ते त्यांनी नोंदवले आणि ज्या संस्था ते सांभाळतील त्यांच्या हाती सोपवले. मान्यता न मिळण्याचे दुःख खरे असते. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण व्याख्येत मान्यतेव्यतिरिक्त काहीच नसेल, तर त्या दुःखाला पर्यायही उरत नाही. तेव्हा आपले काम कोणाच्या उपयोगी पडेल, हा प्रश्न स्वतःला लवकर विचारावा. अनेकदा उत्तर अगदी जवळचे असते. एखादी शाळा, एखादी वस्ती, एखादा कारागीर वर्ग, किंवा एखादे कुटुंब ज्याच्या चार पिढ्यांची छायाचित्रे आपल्याकडे आहेत.

वर्षाला किती चांगली छायाचित्रे निघाली म्हणजे समाधान मानावे?

लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५ ते १९५७ या काळात अमेरिकाभर फिरून फिल्मचे ७६७ रोल वापरले आणि त्यातून निघालेल्या प्रसिद्ध पुस्तकात फक्त ८३ छायाचित्रे घेतली. म्हणजे साधारण नऊ रोलमागे एक छायाचित्र. डिजिटल कॅमेऱ्याने प्रत्येक फ्रेमचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला असला, तरी चांगल्या छायाचित्रांची संख्या त्या प्रमाणात वाढलेली नाही. वाढले आहे ते निवडीचे काम. म्हणून निवड करण्याची क्षमता हीदेखील यशाच्या व्याख्येत धरावी. जो छायाचित्रकार सातशे फोटो ग्राहकाच्या हवाली करून मोकळा होतो, त्याने आपले अर्धे काम ग्राहकावर ढकललेले असते.

छायाचित्रातील माणसाचे काय? त्याचे समाधान माझ्या यशात धरायचे का?

धरलेच पाहिजे, आणि आजवर ते फारच कमी धरले गेले आहे. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६मध्ये कॅलिफोर्नियातील मजुरांच्या छावणीत एका मातेचे, तिच्या मुलांसह, छायाचित्र काढले. ते विसाव्या शतकातील सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या छायाचित्रांपैकी एक ठरले. ते प्रसिद्ध झाल्यावर छावणीत अन्नाची मदत पोहोचली, पण तोवर ते कुटुंब तेथून निघून गेले होते. लँग यांनी त्या स्त्रीचे नाव नोंदवले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळले ते १९७८मध्ये, आणि या छायाचित्रातून आपल्याला काहीच मिळाले नाही अशी त्यांची तक्रार होती. लँग यांचा हेतू चांगला होता, काम सरकारी असल्यामुळे स्वामित्वधन त्यांनाही मिळाले नाही आणि छायाचित्राने देशाचे लक्ष वेधले, हे सर्व मान्य करूनही त्या तक्रारीचे वजन कमी होत नाही.

एवढ्या मोठ्या प्रसंगाचीही गरज नाही. एका कौटुंबिक समारंभाची छायाचित्रे मी एकदा मोठ्या अभिमानाने सुपूर्द केली. प्रकाश उत्तम होता, क्षण नेमके पकडले होते. यजमान बाईंनी सगळी पाहिली, कौतुक केले आणि मग विचारले की त्यांच्या थोरल्या आत्यांचा एकटीचा फोटो कुठे आहे. तो नव्हता. आत्या दिवसभर एका कोपऱ्यात खुर्चीवर बसून होत्या. तो कोपरा अंधारा होता, म्हणून मी तिकडे फिरकलोच नव्हतो. त्या दिवसानंतर माझ्या व्याख्येत एक ओळ वाढली : निघण्यापूर्वी, ज्यांचे एकही छायाचित्र निघालेले नाही अशा माणसांना शोधून काढायचे. या ओळीने मला कोणताही पुरस्कार मिळवून दिलेला नाही, पण तिच्यामुळे माझ्याकडे पुन्हा पुन्हा येणारी कुटुंबे मात्र आहेत.

माझ्याबरोबर सुरुवात केलेले लोक खूप पुढे गेले आहेत. हे मनातून कसे काढावे?

पूर्णपणे निघत नाही. पण ज्याच्याशी तुलना करतो त्याचे संपूर्ण वर्ष आपल्याला हवे आहे का, हे स्वतःला विचारावे. त्याचे प्रवास, त्याचे कर्ज, घरापासून दूर काढलेल्या रात्री, त्याचे ग्राहक, हे सर्व गृहीत धरून. बहुतेक वेळा आपल्याला त्याच्या वर्षातले फक्त दोन दिवस हवे असतात. उरलेला हेवा हा खरा असेल, तर तो माहिती म्हणून वापरावा : तो माणूस जे करतो त्यातील नेमकी कोणती गोष्ट मला करायची आहे आणि मी ती का टाळत आहे?

आता वय चाळिशीच्या पुढे गेले आहे. उशीर झाला का?

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना पहिला कॅमेरा मुलीने आणि जावयाने भेट दिला तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. शारीरिक ताकदीवर अवलंबून असलेल्या काही शाखा उशिरा सुरू करणे अवघड असते, हे खरे. माणसांची व्यक्तिचित्रे काढण्यासाठी मात्र आयुष्य पाहिलेला डोळा हा फायदाच ठरतो.

प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे आणि आता संगणकच चित्र तयार करून देतो. अशा काळात व्यावसायिक यशाला काही अर्थ उरतो का?

काही प्रकारची कामे कमी होतील, काही होत आहेत, आणि केवळ गुळगुळीत, निर्दोष प्रतिमा पुरवणे हीच ज्याच्या यशाची व्याख्या आहे त्याला ती बदलावी लागेल. परंतु “मी तेथे होतो आणि हे असे घडले” असे सांगणारे छायाचित्र, तसेच एका विशिष्ट माणसाने एका विशिष्ट दुपारी दिलेला विश्वास, यांना पर्याय तयार करता येत नाही. ज्यांचे काम या दोन गोष्टींवर उभे आहे, त्यांनी आपल्या मूळ फाइल, तारखा आणि नोंदी अधिक काटेकोरपणे सांभाळाव्यात, कारण छायाचित्राच्या खरेपणाचा पुरावा मागितला जाण्याचे प्रसंग वाढणार आहेत.

व्यवसाय सोडणे म्हणजे हरणे का?

होमाई व्यारावाला भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळातील अनेक महत्त्वाचे क्षण आपल्याला आज त्यांच्यामुळे पाहता येतात. त्यांनी १९७०मध्ये, कामात असतानाच, व्यावसायिक छायाचित्रण थांबवले. व्यवसायातील नव्या पिढीचे वागणे आणि बदललेले वातावरण त्यांना रुचत नव्हते. त्यानंतरची चार दशके त्यांनी त्या व्यवसायाबाहेर काढली आणि २०११मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. ज्या प्रतिष्ठेने काम करायचे ती प्रतिष्ठा उरली नाही असे वाटल्यावर थांबणे, हे त्यांच्या कामाच्या व्याख्येतच बसणारे होते. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीही १९७०च्या दशकात छायाचित्रण बरेचसे बाजूला ठेवून रेखाटनाकडे लक्ष दिले आणि २००४पर्यंतचे आपले आयुष्य त्यात समाधानाने घालवले.

म्हणून सोडावे की नाही यापेक्षा, कोणत्या गोष्टी घडल्या तर सोडायचे, हे शांत मनाने आधीच लिहून ठेवणे बरे. थकव्याच्या आठवड्यात हा निर्णय घेऊ नये. पाठ, मनगट किंवा डोळे सतत दुखत असतील, घरातील माणसांशी बोलणे केवळ तारखा सांगण्यापुरते उरले असेल, किंवा सुट्टीत कॅमेरा हातात घ्यावासा वाटेनासा झाला असेल, आणि हे वर्षभर टिकले असेल, तर व्याख्येत किंवा व्यवसायात बदल करण्याची वेळ आली आहे असे समजावे.

घरच्यांना माझी व्याख्या पटत नाही. त्यांना फक्त ठरावीक उत्पन्न दिसते.

त्यांची काळजी चुकीची नाही, कारण अनियमित उत्पन्नाचा भार तेही उचलत असतात. त्यांना समजावण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे “पुरे”चा आकडा त्यांच्यासोबत बसून ठरवणे आणि दर तिमाहीला हिशेब त्यांच्यासमोर ठेवणे. आणखी एक गोष्ट करावी : निवडक वीस प्रिंट काढून घरात लावाव्यात. आपण दिवसभर काय करतो हे बहुतेक कुटुंबांनी केवळ संगणकाच्या पडद्यासमोर वाकलेल्या पाठीच्या रूपात पाहिलेले असते.

व्याख्या लिहिण्याची सुरुवात कुठून करावी आणि ती कधी तपासावी?

कोऱ्या कागदापासून करू नये, गेल्या वर्षाच्या हार्ड डिस्कपासून करावी. वर्षभराच्या कामातून, कोणाला काय आवडले याचा विचार न करता, वीस छायाचित्रे निवडावीत आणि त्यांच्या लहान, साध्या प्रिंट काढाव्यात. प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलने लिहावे की हे काम कोणासाठी होते, त्याचे किती पैसे मिळाले, किती तास लागले, आणि तो दिवस पुन्हा जगायला आवडेल का. मग त्या वीस प्रिंट टेबलावर पालथ्या मांडाव्यात आणि फक्त मागची अक्षरे वाचावीत. ज्या प्रिंटवर शेवटच्या प्रश्नाला “हो” लिहिले आहे, त्यांच्यात काय समान आहे हे दोन-तीन वाक्यांत मांडले, की व्याख्येचा पहिला मसुदा तयार होतो. वर्षातून एकदा, शक्यतो कामाची गर्दी ओसरल्यावर, हे पुन्हा करावे. जुन्या प्रिंट फेकू नयेत. त्यांवर तारीख टाकून त्या लिफाफ्यात ठेवाव्यात आणि पुढच्या वर्षीच्या वीस प्रिंट मांडताना शेजारी उलगडाव्यात.